'सुडो लावून पिप मारा' या सल्ल्याबद्दल

पायथनची मॉड्यूल्स म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, पिप हे ती टाकणारं साधन, आणि सुडो म्हणजे कमांड अॅडमिनच्या अधिकारात चालवणं. त्याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय: "लिनक्स कुठलंही असो, पायथन मॉड्यूल सुडो पिप इन्स्टॉलनेच टाका. सगळं एकाच जागी जातं. एरर आलाच तर ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस जोडा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे नुसती कटकट."

"एकाच जागी" हेच मुळात चूक. डेबियन आणि उबुंटू या डिस्ट्रोंत (लिनक्सच्या प्रकारांत) अॅप्ट या त्यांच्या पॅकेज मॅनेजरने टाकलेली मॉड्यूल्स /यूएसआर/लिब/पायथन३ मधल्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये असतात, सुडो पिपची /यूएसआर/लोकलखाली. फेडोरानेही २७व्या आवृत्तीपासून पिपला /यूएसआर/लोकलकडे वळवलं. आर्चमध्ये मात्र पिप थेट पॅकमनच्याच (आर्चच्या पॅकेज मॅनेजरच्या) साइट-पॅकेजेसमध्ये घुसतं. पुढे पॅकमन तेच मॉड्यूल टाकायला गेला की फाइल आधीच आहे म्हणून अडून बसतो.

मग जागा वेगळी असली की निर्धास्त? तसंही नाही. पायथन मॉड्यूल शोधताना /यूएसआर/लोकल आधी पाहतो. तुम्ही तिथे एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली की तिच्या जुन्या आवृत्तीवर बेतलेली सिस्टिमची स्क्रिप्टही तीच उचलते. उबुंटूचं नवे सॉफ्टवेअर-स्रोत जोडणारं अॅड-अॅप्ट-रिपॉझिटरी पायथनमध्येच लिहिलेलं आहे. ते कोसळलं की दोष अॅप्टला देऊन लोक मोकळे होतात!

याच घोळासाठी पेप ६६८ हा पायथनचा प्रस्ताव आला. २०२३च्या जानेवारीतल्या पिप २३.० पासून डिस्ट्रोने खुणेची फाइल ठेवली असेल तर पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला नकार देतं. डेबियन १२ मध्ये ती आहे. हा नकार डावलणाऱ्या ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस या पर्यायाच्या नावातच 'ब्रेक' आहे, आणखी काय सांगायचं? सुडोऐवजी 'यूझर' पर्याय (फक्त तुमच्या खात्यापुरतं टाकणारा) लावला तरी ही अडवणूक टळत नाही. टाकून द्यायच्या कंटेनरमध्ये (मशीनपासून अलग, तात्पुरत्या जागेत) ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस वापरलात तर माझी तक्रार नाही. रोजच्या मशीनवर आहे.

राहिली व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे मॉड्यूल्ससाठीच्या वेगळ्या फोल्डरची, कटकट. तो बनवणारं व्हेन्व पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, सोबतच येतं. डेबियनमध्ये तेवढं पायथन३-व्हेन्व हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. एक कमांड, एक फोल्डर. बिघडलं तर फोल्डर उडवून नवा बनवायचा. कमांड म्हणून चालवायचं एखादं टूल हवं असेल तर पिपएक्स ते स्वतंत्र एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवतं. आणि सिस्टिमच्याच पायथनला मॉड्यूल हवं असेल, तर आधी अॅप्ट, डीएनएफ (फेडोराचा पॅकेज मॅनेजर) किंवा पॅकमनमध्ये शोधा. बहुतेक नेहमीची मॉड्यूल्स तिथे सापडतात, फक्त आवृत्ती थोडी जुनी असू शकते.

तुमच्या मशीनवर नक्की काय चाललंय ते पाहायचं असेल, तर 'पायथन३ डॅश-एम साइट' चालवा. शोधायच्या जागा क्रमाने दिसतात.