‘पुस्तकच भारी होतं’ असं छातीठोक कसं म्हणावं

पुस्तकावर सिनेमा काढावा की काढू नये यावर तुम्हाला मत आहे का? नसेल तर घ्या बनवून, आजकाल मत नसलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत पण कोणी शेजारी बसू देत नाही. आणि मत बनवायचंच आहे तर ‘काढू नये’ हेच बनवा. त्यात कष्ट कमी आणि इज्जत जास्त.

मला हे कळायला उशीर झाला. २०१३ साली ‘दुनियादारी’ लागला तेव्हा आम्ही पाच-सहा जण जळगावला जाऊन पाहून आलो. बाहेर पार्किंगमध्ये गाडीची चावी शोधता शोधता एकानं विचारलं, "काय भो, कसा वाटला?" आणि मी येडा, खरं बोलून बसलो की मस्त होता यार, डोळ्यात पाणी आलं. आमच्यासोबत गल्लीतले आप्पा होते. ते मध्यंतरात समोसे आणायला गेले ते मध्यंतर संपल्यावर वीस मिनिटांनी आले, आणि नंतर परत एकदा चटणी राहिली म्हणून गेले. ते शांतपणे मान हलवून म्हणाले, "हं. पण शिरवळकरांचं पुस्तक वेगळंच होतं." संपलं. सगळे आप्पांकडे बघायला लागले. भुसावळ रोडपर्यंत मी अडाणी आणि ते विद्वान, आणि तिकिटाचे पैसे मीच दिलेले.

तेव्हापासून मी ही लाईन धरली. आता आमच्या तालुक्यात कुठल्याही कादंबरीवर सिनेमा आला की लोक आधी मला विचारतात. तुम्हालाही हे जमेल, मी सांगतो तसं करत चला.

मुख्य पथ्य म्हणजे पुस्तक वाचायचं नाही. वाचलं की घोटाळा होतो. वाचणाऱ्याला आठवत असतं की मधली साठ पानं आपणही पंख्याखाली आडवं पडून, अर्धे झोपेत उलटली होती आणि त्या नायकाचा आपल्याला पण कंटाळाच आला होता. मग त्याच्या तोंडून ‘तसं पाहिलं तर’ आणि ‘काही काही ठिकाणी’ असलं पातळ वरण निघायला लागतं. न वाचलेल्या माणसाचं मत कसं एकदम घट्ट असतं, चमचा उभा राहतो त्यात.

बोलायचं काय, तर ‘कादंबरीतलं अंतर्मन पडद्यावर आलंच नाही’. हे वाक्य पाठ करा. अंतर्मन पडद्यावर येतच नसतं, पडद्यावर चेहरा येतो, म्हणून हे वाक्य कुठल्याही सिनेमाला लागू पडतं आणि कोणी खोडत नाही. समोरचा जरा शिकलेला वाटला तर ‘कोसला’ काढा. नेमाडे आपल्या सांगवीचे, १९६३ चं पुस्तक, त्यातला नायक पांडुरंग सांगवीकर आपल्याकडचा पोरगा, त्यामुळे खान्देशात त्यावर बोलायचा सातबारा आपल्याच नावावर आहे. ‘कोसलाचा सिनेमा होऊच शकत नाही भाऊ’ एवढं म्हणून चहाचा घोट घ्यायचा. हे म्हणायला घरात कोसला असलीच पाहिजे असं काही नाही. असली तर उत्तम, पण पानं चिकटलेली असतात, ती आधी सुटी करून ठेवा, पाहुणे चाळून बघतात.

आता पुरावे पण लागतात. ते सिनेमावाले फुकट पुरवतात म्हणून चिंता नको. शरच्चंद्रांची ‘देवदास’ छापली गेली १९१७ ला, त्यात पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना भेटतच नाहीत. १९५५ ला बिमल रॉयनी दोघींना रस्त्यात एकमेकींसमोरून नुसतं जाऊ दिलं, एक पालखीत एक पायी, शब्द नाही. २००२ ला भन्साळींनी विचार केला असेल की एवढ्या महागड्या दोन बायका सेटवर आहेत आणि भेटायचं नाही म्हणजे काय, म्हणून दोघींना एकत्र नाचवलं. तेरा वर्षांनी ‘राऊ’चा आधार घेऊन बाजीराव केला, तिथं काशीबाई नि मस्तानीला पिंगा घालायला लावला, पुण्यात केवढा आरडाओरडा झाला तेव्हा. यातून निर्मात्यांनी नियम पक्का करून घ्यावा, की पुस्तकात ज्या दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही त्यांच्या साड्या सिनेमात मॅचिंग पाहिजेत.

किंवा ‘गाइड’ घ्या. आर. के. नारायण यांनी मालगुडी नावाचं गाव मनातून उभं केलं, दक्षिणेतलं, साधं. १९६५ च्या सिनेमात ते गेलं राजस्थानात, उदयपूरला. म्हणजे जळगावजवळच्या आसोद्याची गोष्ट सिमल्याला नेऊन बर्फात सांगितल्यासारखं. नारायण इतके वैतागले की त्यांनी त्यावर एक अख्खा लेख लिहिला. हे उदाहरण जोरात द्या, फक्त साठीच्या पुढच्या माणसांसमोर देऊ नका, देव आनंदबद्दल वाकडं बोललात तर जेवायच्या ताटावरून उठवतील. आणि त्याच वेळी कुठं रेडिओवर गाइडचं गाणं लागलं तर तुमची मान आपोआप डोलायला लागेल, ती हातानं धरून ठेवा. (मला अजून जमलेलं नाही.)

‘सिंहासन’चं मात्र नाव काढू नका. तिथं १९७९ ला अरुण साधूंच्या एक नाही तर दोन कादंबऱ्या एका सिनेमात बसवल्या आणि तरी तो चांगला झाला. असल्या गोष्टींनी आपल्या धंद्यावर पाणी पडतं.

बरं, तुम्ही वाचक नसून निर्माते असाल आणि खान्देशातल्या एखाद्या पुस्तकावर सिनेमा काढायचं मनात असेल तर तुमच्यासाठी पण आहे माझ्याकडे सल्ला. शूटिंग वाईला करा. पुस्तकात तापी असली तरी तुम्ही कृष्णेचा घाट दाखवा, पाणी म्हणजे पाणी. यावल-रावेरची केळीची बाग पाहिजे असेल तर कुंडीतली दोन खांबं आणून मागे ठेवा, पुढे हिरोईन उभी केली की मागचं कोणी मोजत नाही. पुस्तकात लिहिलेलं असेल की मे महिना, सावलीत पण ४५ डिग्री, रस्त्यावर कुत्रं नाही, दुपारी बाराला माणसं दारं लावून ओल्या गोणपाटाआड बसलेली. हे दाखवायचं नाही, कारण हिरोच्या कपाळावरचा घाम मेकअपवाल्याला चालत नाही, त्याला शाल द्या. भाषेचं तर सोपंच आहे, दर तीन वाक्यांमागे एक ‘मले’ नि एक ‘तुले’ टाका, झाली अहिराणी. लेवा गणबोली वेगळी, धुळ्याकडची अहिराणी वेगळी, नंदुरबारकडं भिलोरी वेगळी हे असलं सांगणारा माणूस सेटवर आला तर त्याला जेवणाच्या तंबूत बसवून ठेवा. आणि खान्देशी पात्र कॉमेडीच असलं पाहिजे, त्याला दुःख झालं तरी ते भरताची वांगी महाग झाल्याचं असावं. कादंबरीत जर कोणी कापूस बुडाल्यामुळे चार दिवस बोललाच नसेल, तर त्या चार दिवसांच्या जागी एक गाणं, पाऊस, स्लो मोशन.

हे सगळं केलं की प्रेक्षक म्हणतील पुस्तक भारी होतं, तुम्हाला दोनशे पोस्ट फुकट मिळतील, आणि आमची पण सोय होईल.

पण एक माणूस सांभाळा. आचार्य अत्रे. यांनी आपल्या थिअरीचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कोणी केलेलं नाही. साने गुरुजी आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे, तिथल्या छात्रालयात पोरांना सांभाळायचे, आणि १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. गुरुजी १९५० ला गेले. १९५३ ला अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला आणि देशात पहिल्यांदाच जे राष्ट्रीय पुरस्कार दिले त्यात तो पहिला आला, सुवर्णपदक. आता यात ‘पुस्तक भारी’ म्हणायला जागा आहे, म्हणता येतं, मी म्हणायचो. पण घरात म्हणायची सोय नव्हती कारण घरात माझी मोठी माय होती.

मोठी मायला अक्षर ओळख नव्हती, बँकेत अंगठा. तिनं ‘श्यामची आई’ पाहिला तो अमळनेरला, बोरी नदीच्या पात्रात वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते तिथं, तंबूतल्या टॉकीजमध्ये, खाली वाळूवर बसून. एकदाच. त्यानंतर चाळीस वर्षं आम्ही नातवंडं शेतातून आलो आणि पाय न धुता घरात घुसलो की ती ओट्यावरून ओरडायची, "पायले माटी लागाले नको म्हनीसन इतला जपस, मननं काय?" खरं तर आम्ही पायाला पण जपलेलं नसायचं, चिखल सगळीकडे, पण तिला तो डायलॉग मारायचाच असायचा. तिच्या गोष्टीतला श्याम कोकणातला नव्हताच. तो कळण्याची भाकरी खायचा, त्याची आई पहाटे उठून गोधड्या शिवायची आणि त्याचा बाप कर्जापायी जिनिंगमध्ये हमाली करायचा. यातलं पुस्तकात काय, सिनेमात काय आणि हिच्या पदरचं काय हे साने गुरुजींना पण सांगता आलं नसतं.

तर असल्या माणसांना सिनेमापासून दूर ठेवणं हे तुमचं कर्तव्य आहे. रडायचं असेल तर आधी वाचायला शिकावं, मग पुस्तक मिळवावं, मग रडावं. वाळूवर बसून दोन तासांत रडायला मिळालं तर साहित्याची काय किंमत राहिली? मी एकदा मोठी मायला म्हटलं पण होतं, सिनेमात बरंच काही गाळलंय. ती म्हणाली, मग तू वाचून दाखव. तो विषय मी तिथंच सोडला, पुस्तकातल्या गोष्टींच्या बेचाळीस रात्री कोण जागणार.

आणि दुसरा खड्डा याहून मोठा आहे. खान्देशात तुम्ही ‘मूळ पुस्तक ते पुस्तक’ वगैरे जोरात बोलायला लागलात की एखादी शाळेतली बाई हमखास हात वर करते आणि विचारते, "मग बहिणाबाईंचं काय?" इथं बोलती बंद होते. बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढं त्या म्हणत गेल्या आणि मुलानं, सोपानदेवांनी, नि घरातल्यांनी जमेल तेवढं उतरवून घेतलं. १९५१ ला त्या गेल्या, १९५२ ला पुस्तक आलं, प्रस्तावना कोणाची तर परत अत्रे. १९६१ ला ‘मानिनी’ सिनेमात ‘अरे संसार संसार’ आलं, सुमन कल्याणपूरांच्या आवाजात, आणि ते रेडिओवरून पुन्हा त्याच चुलीपाशी पोचलं जिथून निघालं होतं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आता यात मूळ कोणतं धरायचं सांगा. पुस्तक छापून आलं तेव्हा बहिणाबाईंच्या माहेरची, आसोद्यातली एखादी म्हातारी म्हणाली असेल का, की छापलंय बरं, पण जात्यावर जास्त चांगलं होतं? म्हणाली असेल तर ती आमच्या लाईनमधली पहिली, आणि तिचा हक्क पण होता, तिनं ऐकलेलं होतं. अत्र्यांनी वर्षभराच्या आत एक गोष्ट तोंडातून पुस्तकात नेली आणि दुसरी पुस्तकातून पडद्यावर. या माणसाला मूळ-बिळ काही पडलेलं नव्हतं. बहिणाबाईंचा विषय निघाला की तुम्ही फोन आल्याचं करून बाहेर जा, मी तेच करतो.

बाकी सगळं सुरळीत चालू होतं. पण मागच्या उन्हाळ्यात भाचा आला पुण्याहून. त्यानं मोबाईलवर दुनियादारी पाहिला, मी सवयीनं म्हटलं की पुस्तक वेगळंच होतं, तर तो कार्टा म्हणतो, "मामा, पुस्तकात शेवट काय आहे?" अकरा-बारा वर्षांत हे मला कोणी विचारलेलं नव्हतं. मी अंतर्मनाचं वाक्य टाकलं. तो म्हणाला हो, पण शेवट काय?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रुमाल बांधून वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी रजिस्टर काढलं, पुस्तक बाहेर गेलेलं. परत येतं आणि लगेच जातं म्हणे, पिक्चर आल्यापासून असंच आहे, आधीची प्रत तर पानं सुटून गेली, ही दुसरी घेतली. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मारायला जागा उरली नाही म्हणून खाली अजून एक कागद चिकटवलाय. सिनेमामुळे पुस्तकाचे असे हाल होतात बघा, हा मुद्दा मी लगेच मनात टिपून ठेवला.

"नंबर लावायचा का? तुमच्या आधी एकच जण आहेत," बाई म्हणाल्या आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

वर आप्पांचं नाव होतं. मी त्याच्याखाली माझं लिहिलं.