काकांची एक्सई

काकांचा फोन आला तेव्हा मी फोडणीत मोहरी टाकत होतो. काका हॅलो वगैरे म्हणत नाहीत, थेट मुद्द्यावर येतात. "अरे, तुझ्या त्या मेंढीकोटची एक्सई पाठव मला." चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एक्सई (विंडोजवर डबल क्लिक करून चालवायची फाईल) हा शब्द माहितीये याचंच मला इतकं कौतुक वाटलं की मी पटकन हो म्हणून बसलो, मोहरी करपली, आणि पुढचे अडीच महिने जे काय करपत गेलं त्याची सुरुवात तिथनं झाली.

तर ही गेम. २०२० च्या लॉकडाऊनमधे मी लिहायला घेतली, की बाबा घराघरात अडकलेत सगळे, निदान पत्ते तरी ऑनलाईन खेळतील. मेंढीकोटला चार भिडू लागतात, दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पानं, चारही दश्श्या एका जोडीने ओढल्या की मेंढीकोट. एवढी सोपी गेम, दोन आठवड्यात होईल म्हणलं. लॉकडाऊन संपला, गेम संपेना. शेवटी झाली तेव्हा आमच्या घरात तीन लिनक्सचे लॅपटॉप आणि तीन भिडू, मी, बायको आणि आई, आणि चौथ्या जागेवर बॉट बसवलेला, तो इतका मठ्ठ की आई त्याला भिडू म्हणून घ्यायला तयार नव्हती. चौथा भिडू काका. खानदानातला सगळ्यात पक्का खेळाडू, राहायला सदाशिव पेठेत, आणि लॅपटॉप विंडोजचा.

इथे कोणीतरी म्हणेल की मग विंडोजवर जाऊन कंपाईल कर ना, म्हणजे लिहिलेल्या कोडची चालणारी फाईल बनव. माझ्याकडे विंडोज नाहीये. वर्चुअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर, टाकायची तर रॅम ४ जीबी, त्यात ब्राउझर उघडला तरी पंखा असा फिरतो की मांजर उठून जातं. आणि उबंटू (माझं लिनक्स) २०१८ सालची, जी मी अपडेट करत नाही कारण वायफाय चालू आहे, आणि चालू वायफायला हात लावू नये हे मी एकदा फार महागात शिकलोय. (ही २०१८ सालची उबंटू लक्षात ठेवा, पुढे येणारे.)

म्हणजे राहिलं क्रॉस कंपाईल. लिनक्सवर बसून विंडोजची एक्सई बनवायची. हे म्हणजे पुण्यात बसून कोल्हापूरकरांसाठी तांबडा रस्सा करायचा, आणि स्वतः चव घ्यायची नाही. त्यासाठी मिंगडब्ल्यू नावाचा प्रकार असतो, मिनिमलिस्ट ग्नू फॉर विंडोज. मिनिमलिस्ट म्हणे. इन्स्टॉल दोन मिनिटात झाला. त्यातल्या कंपायलरचं नाव एक्स ८६ अंडरस्कोर ६४ डॅश डब्ल्यू ६४ डॅश मिंगडब्ल्यू ३२ डॅश जी प्लस प्लस. ६४ बिटच्या कंपायलरच्या नावात ३२ का आहे हे विचारू नका, जुन्या वाड्याच्या दारावर पणजोबांच्या नावाची पाटी राहते तसं ते राहिलंय.

पहिली एरर, विंडोज डॉट एच सापडत नाही. फाईल तर समोर दिसतीये! मी कॅपिटल डब्ल्यू लिहिला होता, फाईलमधे स्मॉल. विंडोजला हे चालतं, लिनक्सला नाही. मराठीत कॅपिटल स्मॉल नसतं म्हणून आपण सुटलो असं मला त्या रात्री वाटलं, पण आपल्याकडे ह्रस्व दीर्घ असतं, आणि काका ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मग म्युटेक्स (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी, म्हणजे थ्रेडपैकी, एकालाच आत सोडणारी कडी) सापडेना. त्याच कंपायलरच्या दोन जाती असतात, विन३२ थ्रेडवाली आणि पोसिक्स थ्रेडवाली, आणि आपल्याला कायम नको ती जात आधी मिळालेली असते. बदलली. पण त्याच्या पुढची जी एरर आली तिच्यावर माझ्या दोन संध्याकाळी गेल्या आणि ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. कंपायलर म्हणतो, "डिक्लेरेशन डझ नॉट डिक्लेअर एनीथिंग". म्हणजे जाहीर केलंय, पण काहीच जाहीर केलेलं नाही. असं बोलणारी माणसं मी प्रचारसभेत बघितलीत, पण माझ्या कोडमधे? लाईन बघितली तर सरळ साधी: प्लेयर, स्पेस, नियर, सेमीकोलन. मी स्क्रीनवर खालच्या भिडूला नियर म्हणलेलं आणि समोरच्याला फार. लिनक्सवर चार वर्षं ते दोघं सुखाने नांदले.

झालं असं होतं की नेटवर्कसाठी विंडोजमधे विन्सॉक घ्यावं लागतं, त्याच्यामागनं विंडोज डॉट एच येतं, आणि त्या घराण्यात नियर आणि फार हे शब्द मॅक्रो करून ठेवलेत, म्हणजे कंपाईल व्हायच्या आधीच त्यांच्या जागी दुसरं काहीतरी घातलं जातं, आणि त्यांची किंमत काय, तर शून्य, रिकामी. म्हणजे कंपायलरपर्यंत जाईस्तोवर माझा नियर गायब, नुसता प्लेयर आणि सेमीकोलन. हे शब्द १६ बिटच्या काळातले. तेव्हा मेमरी ६४ केबीच्या तुकड्यातुकड्यात मोजायचे, आपल्याच तुकड्यातला मेमरीचा पत्ता असला तर नियर, दुसऱ्या तुकड्यातला असला तर फार. तो प्रकार कधीच गेला, पण १९८५ च्या विंडोजची पुण्याई म्हणून शब्द तेवढे देवघरात ठेवलेत, आणि माझ्यासारखा कोणी चप्पल घालून आत गेला की झालं. मी नियरचं नाव खालचा ठेवलं आणि फारचं समोरचा. इंग्रजी अक्षरात मराठी नावं. विंडोजच्या कोणत्याही पूर्वजाने हे शब्द राखून ठेवलेले नसणार याची खात्री होती.

कंपाईल झालं. आता लिंकर, म्हणजे माझं कोड आणि लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेलं तयार कोड) एकत्र जोडणारा. लिंकर हा पंगतीतला वाढपी असतो, तो डावीकडून उजवीकडे एकदाच फिरतो, मठ्ठा घेऊन तुमच्या समोरनं गेला तेव्हा तुम्ही मागितला नाहीत तर तो गेलाच, मग तुम्ही कितीही ओरडा, तो म्हणणार मठ्ठा माहीतच नाही. मी लायब्ररी आधी लिहिल्या होत्या आणि माझ्या फाईली नंतर, म्हणजे वाढपी येऊन गेल्यावर पाहुणे पाटावर बसले. चाळीसेक अनडिफाईंड रेफरन्स, म्हणजे मागितलेलं सापडलंच नाही. फाईली आधी घेतल्या, एसडीएलच्या (गेमचं चित्र आणि आवाज सांभाळणाऱ्या) लायब्ररी बरोब्बर क्रमाने लावल्या, शेवटी नेटवर्कवाली डब्ल्यूएस२ अंडरस्कोर ३२, आणि रात्री दीड वाजता फोल्डरमधे मेंढीकोट डॉट एक्सई.

बायकोला उठवून दाखवली. ती म्हणाली, "छान. ही आपल्याकडे चालते का?" नाही म्हणलं. "मग?" आणि कूस बदलली.

चव घ्यायला वाईन आहे. प्यायची नव्हे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारी वाईन, १९९३ ला सुरू झाली आणि १.० व्हर्जन यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! हे वाचल्यावर मला माझ्या गेमबद्दल जरा बरं वाटलं. वाईनमधे एक्सई पहिल्या झटक्यात चालली.

आता ती काकांपर्यंत न्यायची. मेल एक्सई घेत नाही, झिपमधे कोंबली तरी पकडतो. व्हॉट्सॅपवर आलेली फाईल उघडायची नाही असा काकांचा नियम आहे, तो नियमही त्यांनी व्हॉट्सॅपवरच वाचलाय. मग पेन ड्राईव्ह घेऊन धायरीहून सिंहगड रोडने सदाशिव पेठ. शनिवारी संध्याकाळी. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

काकांनी डबल क्लिक केलं. एलआयबीएसटीडीसी प्लस प्लस डॅश ६ डॉट डीएलएल नाही. (डीएलएल म्हणजे एक्सईला चालताना बाहेरनं लागणारी फाईल.) ओके दाबलं. आणखी एक डीएलएल नाही. ओके. तिसरी पण नाही. काका म्हणाले, "हे सगळं एकदम का नाही सांगत? एका कागदावर लिहून द्यावं ना." घरी वाईनला मी आधीच रस्ता दाखवून ठेवला होता या डीएलएल कुठे असतात तो, आणि दाखवल्याचं विसरलो होतो. काकूने पोहे केले होते, ते खाऊन परत.

पुढच्या शनिवारी तिन्ही डीएलएल घेऊन गेलो. त्यातली एक चुकून ३२ बिटवाल्या फोल्डरमधनं उचललेली, नाव अगदी सेम टू सेम असतं. एक आकडा आला, तो काकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचला, "शून्य एक्स सी, मग शून्यं, सात बी. पाच शून्यं आहेत, मोजली मी." पुन्हा पोहे.

तिसऱ्या खेपेला सगळं स्टॅटिक करून एकाच एक्सईत भरलं, कोणाकडे काही मागायलाच नको. डबल क्लिक केलं आणि फाईल नाहीशी झाली. पेन ड्राईव्ह रिकामा. अँटिव्हायरसने तिला क्वारंटाईनमधे टाकली होती. लॉकडाऊनमधे जन्माला आलेली गेम, तिच्या नशिबात शेवटी हेच. काका माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मी आठवीत बघितली होती, त्यांच्याच वर्गात. सोडवली बाहेर तिला, विश्वासाची म्हणून नोंद केली, आणि चालू झाली! हिरवा पट, तेरा पानं, पत्ते वाटल्याचा आवाज. मी काकूकडे बघितलं, काकू टाळी वाजवणार एवढ्यात काका म्हणाले, "हे काय लिहिलंयस?"

किलवर लिहिलं होतं. पण क नंतर वेलांटी, मग लवर. इस्पिकची तीच गत. एक्क्यातल्या पहिल्या क चा पाय मोडून लटकत होता. "ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, हे मी तुला शिकवलं नाही का?"

शिकवलं होतं. पण देवनागरी नीट जुळवायला हार्फबझ नावाची लायब्ररी लागते (नाव फारसीतनं आलंय), आणि ती मी विंडोजसाठी बांधलीच नव्हती, कारण एसडीएलच्या फॉन्टवाल्या भागात ती बंद करून टाकली की कंपाईल पटकन होतं. आता बांधायला बसलो तर तिला फ्रीटाईप (फॉन्टमधली अक्षरं काढणारी लायब्ररी) लागते, आणि फ्रीटाईपला पूर्ण बांधायचं तर हार्फबझ लागते. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही! मधला मार्ग असा की फ्रीटाईप एकदा अर्धवट बांधायची, तिच्यावर हार्फबझ, मग त्याच्यावर फ्रीटाईप पुन्हा. बाकीचा तपशील सांगत नाही, दोन आठवडे गेले एवढंच.

चौथी खेप. किलवर बरोबर. काकांनी चारही रंग, राजा, राणी, गुलाम, सगळं वाचून तपासलं, बाजूला जवळजवळ बरोबरची खूण केल्यासारखी मान हलवली. मी त्यांना ऑनलाईन कसं यायचं ते शिकवलं आणि तोवर हात बसावा म्हणून सरावाचा डावही दाखवला, तीन बॉट आणि आपण.

काका ऑनलाईन आलेच नाहीत. आई रोज विचारते, भिडू कुठाय. फोन केला तर म्हणाले, "तुमच्याबरोबर काय खेळायचं, तुम्हाला पडलेली पानं लक्षात राहत नाहीत. मी सरावाचाच खेळतो, चहा झाला की एक डाव, मग बंद. एकोणीस दिवस झाले, रोज मेंढीकोट. आणि खरं सांगू का, हल्ली मला समोरच्याच्या हातात काय आहे ते आधीच कळतं. मी इस्पिकचा एक्का टाकला की दोन हातांनी त्याची दश्शी पडणार म्हणजे पडणार."

मला घाम फुटला. सरावाचे पत्ते क्लायंटच, म्हणजे काकांच्या लॅपटॉपवरची एक्सईच, पिसतो, आणि पिसायला मी रँडम डिव्हाईस, म्हणजे दर वेळी वेगळे आकडे देणारा प्रकार, वापरलाय. लिनक्सवर तो उत्तम चालतो. पण जुन्या मिंगडब्ल्यूत, जीसीसी (त्यातला कंपायलर) ९.२ च्या आधी, तो रँडम नव्हताच, प्रत्येक वेळी तेच आकडे त्याच क्रमाने द्यायचा. माझ्या २०१८ च्या उबंटूत जीसीसी ७. म्हणजे काका रोज चहानंतर तोच डाव खेळतायत. तेच तेरा पत्ते. बॉट पण तेच, तितकेच मठ्ठ.

मग काकूने फोन घेतला आणि हळूच म्हणाली, "अरे, यांना रोज सुरुवातीला इस्पिकचा एक्काच कसा येतो? मी आतनं ऐकते ना, रोज ओरडतात." मी म्हणलं, नशीब असतं काकू एकेकाचं. ती म्हणाली, "हं." काकूला कळलेलं असणार, पण तीही गप्प आहे.

काकांनी फोन परत घेतला. "याचं अपडेट वगैरे काही येणारे का? असेल तर सांग, पेन ड्राईव्ह घेऊन ये शनिवारी."

नाही म्हणलं काका. हे व्हर्जन एकदम स्टेबल आहे.