मॉडेल झालं म्हणजे प्लेट कापायला तयार? नाही

‘थ्रीडी मॉडेल करा, क्लॅश शून्य आला की डीएक्सएफ काढा आणि थेट कटिंगला द्या. डेव्हलपमेंट काढणारा माणूस आता लागतच नाही.’ हा दावा सध्या फार फिरतोय. (क्लॅश म्हणजे मॉडेलमध्ये दोन भाग एकमेकांत घुसणं, डीएक्सएफ म्हणजे कटिंग मशीनला द्यायची ड्रॉइंगची फाइल, डेव्हलपमेंट म्हणजे भाग उलगडून काढलेला सपाट आकार.) एक साधा चौकोनी हॉपर, म्हणजे माल ओतायचं पोलादी नरसाळं, घेऊन तो तपासू. आतली मापं मिमीमध्ये: वर ३००० × ३०००, खाली ४०० × ४००, चारही बाजूंना ६० अंश उतार, प्लेट १० मिमी.

‘क्लॅश शून्य म्हणजे फिटिंग बरोबर.’

इथंच सगळ्यात जास्त माल भंगारात जातो. या हॉपरच्या शेजारच्या दोन प्लेटींमधला कोन ९० नसतो, १०४.५ अंश असतो. मॉडेलमध्ये कोपरा मिटर केला की क्लॅश शून्यच दिसणार, कारण तिथं कड तिरकी छाटलेली आहे. साधा प्लाझ्मा कटर मात्र कड सरळ काटकोनात कापतो. मिटरमुळे प्लेटीचा बाहेरचा फेस (पृष्ठभाग) आतल्यापेक्षा प्रत्येक कडेला ७.७५ मिमी पुढे गेलेला असतो. डीएक्सएफ काढताना क्लिक त्या बाहेरच्या फेसवर पडला, तर उभ्या केलेल्या प्लेटी आतून एकमेकींवर चढतात आणि फिटर दिवसभर ग्राइंडर चालवत बसतो.

आतला फेस घ्या. आतल्या कडा भिडतात आणि बाहेर वेल्डसाठी ७५ अंशांची खाच आयती मिळते, वेगळा बेव्हल मारायला, म्हणजे कड तिरकी छाटायला नको. २ मिमी रूट गॅप (वेल्डच्या मुळाशी ठेवायची फट) हवा असेल तर प्रत्येक तिरक्या कडेतून सव्वा मिमी कमी करा. कापाच्या रुंदीची भरपाई कटिंग मशीनवरच होऊ द्या. ड्रॉइंगवाल्यानंही ती धरली की माप दोनदा बिघडतं.

‘प्लेट कशी बसवायची ते नेस्टिंग बघेल.’

नेस्टिंग म्हणजे मोठ्या प्लेटीवर तुकड्यांची मांडणी. हॉपरची ही एक बाजू ३००० पायाची, २६०० उंचीची. कशीही फिरवा, २५०० रुंदीच्या प्लेटीत बसत नाही. म्हणजे जोड येणारच, आणि तो मॉडेलमध्येच दाखवायला हवा. नाहीतर शॉपवर जोड नेमका स्टिफनरखाली (मजबुतीसाठी लावलेल्या पट्टीखाली) येतो. स्टिफनर जिथं वेल्डवरून जातो तिथली खाचही आधीच काढा. हातानं गॅसनं कापलेली खाच कशी दिसते ते सगळ्यांना माहीत आहे.

‘शीटमेटल कमांड डेव्हलपमेंट अचूक देते.’

के-फॅक्टर बरोबर दिला तरच. वाकवताना ज्या थराची लांबी बदलत नाही, तो आतून जाडीच्या किती भागावर आहे हे तो सांगतो. आतला व्यास १५०० आणि जाडी १२ मिमी असलेला शेल (गोल नळकांडं) रोल करायचा, तर मधल्या व्यासावर, म्हणजे के-फॅक्टर ०.५ धरून, लांबी ४७५० मिमी येते. प्रेसच्या बेंडिंगसाठी ठेवलेला ०.३३ तसाच राहिला तर ४७३७. हे तेरा मिमी रूट गॅपमध्ये लपत नाहीत.

‘वजन तर आपोआप येतं.’

मटेरियल लावलं असेल तर. काही सॉफ्टवेअर मटेरियल नसताना पाण्याची घनता धरतात. मग वरच्या हॉपरच्या चार प्लेटींचं वजन १७७ किलो दिसतं. खरं १३८८ किलो. हाताने पडताळायला अर्धा मिनिट पुरतो: १ मिमी जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो, इथं एकूण १७.६८ चौरस मीटर. क्रेन आणि स्लिंग (उचलायचे दोर) ठरवण्याआधी एवढा गुणाकार कॅल्क्युलेटरवर करून घ्या.