नळाला तोंड लावण्याआधी

महिन्याभरात ‘अमेरिकेतलं खेडं’ नावाचा एक मजकूर मला चार ग्रुपवरून आला. शेवटी काकांनीही पाठवला, खाली “वाचच” असं लिहून. लिहिणारे गृहस्थ मुलाकडे सहा महिने राहून आलेले दिसतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तिकडच्या खेड्यात नळाला तोंड लावून पाणी प्या, काही होत नाही. दारोदार गाड्या, त्यामुळे गरीब असा कुणी नाहीच. जे थोडे आहेत ते सरकार फुकट खायला घालतं म्हणून आळशी झालेले आणि नशेत बुडालेले. वस्ती सगळी गोऱ्यांची. आणि शेजारी मेला तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो. पुढे “नाहीतर आपल्याकडे बघा” असं जे सुरू होतं, ते सोडून देतो.

मी व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत राहतो. मजकूर वाचताच ओळखीचा वाटला, कारण वर्णन आमच्याच गल्लीचं आहे. हिरवळ, शांतता आणि अंगणात हरिण दिसलं की भारतातून आलेल्या पाहुण्यांना ते खेडं वाटतं. आमच्या आईलाही वाटलं होतं. पण हे राजधानीचं उपनगर, देशातल्या सगळ्यात श्रीमंत काउंट्यांपैकी एक. खेडं बघायचं तर इथून नैऋत्येला साडेतीनशे मैल जायला हवं, वेस्ट व्हर्जिनियाच्या अगदी दक्षिण टोकाला, मॅकडॉवेल काउंटीत. काउंटी म्हणजे कारभाराच्या दृष्टीने आपला जिल्हा समजा, पण २०२० च्या जनगणनेत या अख्ख्या जिल्ह्यात माणसं होती १९,१११. तिथे जाऊन आलो आहे म्हणून त्याच जागेवरून एकेक मुद्दा बघतो. सगळी ग्रामीण अमेरिका अशी नाही, आयोवातल्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. पण “गरीब नाहीच” म्हणणाऱ्याला एक मॅकडॉवेल पुरेसं आहे.

“नळाला तोंड लावून पाणी प्या.”

मॅकडॉवेलमधल्या कीस्टोन गावात २०१० पासून जवळजवळ दहा वर्षं ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना लागू होती. आपल्याकडे पावसाळ्यात पालिका आठवडाभर काढते तशी सूचना, इथे दहा वर्षं. गावं वसवली ती कोळसा कंपन्यांनी. डोंगराच्या कुशीत खाण, खाली ओढ्याकाठी कामगारांच्या घरांची ओळ, कंपनीचं दुकान, कंपनीची पाइपलाइन. खाण बंद करून कंपनी गेली, पाइप तिथेच राहिले. ते बदलायला लागणारा पैसा काही शे घरांच्या पाणीपट्टीतून कुठून येणार? म्हणून रस्त्याकडेला डोंगरातून पाइप बाहेर काढलेला दिसतो, कधी झऱ्याचा, कधी जुन्या खाणीतल्या पाण्याचा, आणि तिथे लोक कॅन भरत असतात. बऱ्याच घरांचं सांडपाणी अजून थेट ओढ्यात जातं. नळाला तोंड लावायची हिंमत मला तिथे झाली नाही.

“दारोदार गाड्या.”

हे खरं आहे, आणि नेमकं हेच दाखवून लोक फसतात. गाडी नसेल तर तिथे दवाखाना नाही, नोकरी नाही, किराणा नाही. रेल्वे आहे, पण ती मालगाडी, माणसांसाठी थांबत नाही. २००५ मध्ये किंबॉल गावाजवळ वॉलमार्ट उघडलं, २०१६ च्या जानेवारीत ते बंद झालं. शंभरावर नोकऱ्या गेल्या, आणि शेजारच्या अन्नछत्राला त्या दुकानातून मिळणारा माल थांबला तो वेगळाच. आता मोठी खरेदी म्हणजे वळणावळणाच्या दुपदरी रस्त्याने शेजारच्या काउंटीत. तेव्हा दारातली जुनी गाडी ही तिथे चप्पल आहे. तिच्यावरून कुणी श्रीमंती मोजू नये.

मोजायचंच असेल तर आयुष्य मोजावं. २०१४ मध्ये अमेरिकेत एक तुलना बरीच गाजली होती. फेअरफॅक्समधल्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान ८२ वर्षं, मॅकडॉवेलमधल्या पुरुषाचं ६४. मी राहतो तिथल्या आणि सहा तासांवरच्या माणसात अठरा वर्षांचा फरक. राज्यं शेजारची, पासपोर्टही एकच.

“सरकार फुकट खायला घालतं म्हणून आळशी झाले.”

मुख्य मुद्दा हाच, आणि इथे तारखा उलट्या लावल्या आहेत.

१९५० साली मॅकडॉवेलची लोकसंख्या ९८,८८७ होती. इथला कोळसा कमी धुराचा, पोलाद गाळायला उत्तम, त्यामुळे देशभरात नावाजलेला. काउंटीचं मुख्य गाव वेल्च. तिथे शनिवारी रस्त्यात मुंगी शिरायला जागा नसे. गाड्या लावायच्या कुठे म्हणून १९४१ मध्ये नगरपालिकेने बहुमजली वाहनतळ बांधला, नगरपालिकेच्या मालकीचा असा देशातला पहिला. आळशी माणसांच्या गावाला वाहनतळ लागत नाही.

मग यंत्र आलं. एकच यंत्र कोळसा कापणार आणि भरणार, म्हणजे फावडेवाल्यांच्या टोळ्या घरी. १९५० मध्ये खाणकामगारांच्या संघटनेचे पुढारी जॉन लुईस यांनी मालकांशी करार केला: यंत्रं येऊ द्या, पण उरलेल्यांना चांगला पगार, पेन्शन आणि औषधपाणी मिळालं पाहिजे. उरलेल्यांचं भलं झालं. बाकीचे डेट्रॉइटला, अ‍ॅक्रनला, क्लीव्हलंडला कारखान्यात गेले. १९६० च्या जनगणनेत लोकसंख्या ७१,३५९. दहा वर्षांत सत्तावीस हजार माणसं कमी, आणि त्या दहा वर्षांत सरकारी धान्याचा कूपन कुणालाच मिळत नव्हता.

त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात जॉन केनेडी इथे फिरले आणि जे पाहिलं त्याने हादरले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांचा पहिलाच आदेश गरिबांना जास्त धान्य देण्याचा होता. २९ मे १९६१ रोजी, चाचणी म्हणून काढलेल्या नव्या योजनेतले पहिले ‘फूड स्टॅम्प’, म्हणजे धान्याचे कूपन, वेल्चमध्ये दिले गेले. घेणारा होता पंधरा जणांच्या कुटुंबाचा एक बेकार खाणकामगार, कूपन ९५ डॉलरचे. आणि फुकट म्हणाल तर तेव्हा तेही नव्हतं. ऐपतीप्रमाणे पैसे भरून कूपन विकत घ्यायचे, त्यावर जास्तीचा माल मिळायचा. ही अट सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गेली.

म्हणजे आधी काम गेलं, मग कूपन आलं. जखमेला पट्टी बांधली आणि आता पट्टीमुळेच जखम झाली म्हणायचं.

“मदत बंद करा, बघा कसे कामाला लागतात,” असंही त्या मजकुरात आहे. तेही करून झालंय. वेस्ट व्हर्जिनियाने २०१६ मध्ये नऊ काउंट्यांत काम करणाऱ्यालाच कूपन अशी अट परत आणली. त्या काउंट्या मुद्दाम बऱ्यापैकी नोकऱ्या असलेल्या निवडल्या होत्या, मॅकडॉवेल त्यांत नव्हती. कूपनवाले हजारोंनी कमी झाले. कामाला लागलेल्यांच्या आकड्यावर मात्र म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही, हे राज्याच्याच खात्याने मान्य केलं.

मला विचाराल तर प्रश्न वेगळा आहे: एवढा कोळसा निघाला, त्याचा पैसा गेला कुठे? गॅरी हे इथलं गाव यु. एस. स्टीलने वसवलं, नाव कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचं. या डोंगरातला कोळसा दूरच्या पोलादभट्ट्यांत गेला, नफा त्याहून दूर. १९८६ मध्ये कंपनीने इथल्या खाणी बंद केल्या. कोळशाच्या दर टनावर कर घेऊन शाळा-रस्ते करावेत असं १९५३ मध्ये गव्हर्नर विल्यम मार्लंड यांनी सुचवलं, तेव्हा कंपन्यांनी त्यांना असं आडवं पाडलं की ते राजकारणात पुन्हा उठले नाहीत. १९६५ मध्ये एका बातमीदाराला ते सापडले तेव्हा शिकागोत टॅक्सी चालवत होते. माजी मुख्यमंत्री म्हणा ना आपल्या भाषेत. जमीन अजूनही गेलेल्यांचीच: २०१३ च्या एका पाहणीत मॅकडॉवेलच्या खासगी जमिनीतली निम्म्याहून जास्त पहिल्या दहा मालकांकडे निघाली, बहुतेक कोळसा, लाकूड आणि जमिनीच्या कंपन्या. कोळसा अजून थोडाफार निघतोच. अमेरिकेचा कोळसा घेणाऱ्यांत आज भारत आघाडीवर आहे, तेव्हा यातलं काही आपल्याकडच्या भट्टीतही जळत असेल.

“सगळे नशेत बुडालेले.”

नशेने इथे घरंच्या घरं नेली, हे नाकारायचं कारण नाही. फक्त गोळी कुणी आणली तेही बघू. शेजारच्या मिंगो काउंटीत कर्मिट नावाचं गाव आहे, वस्ती चारशेच्या आत. तिथल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत वेदनाशामक अफूजन्य गोळ्या आल्या जवळजवळ नव्वद लाख. चारशे माणसांना नव्वद लाख गोळ्या पाठवणारे घाऊक विक्रेते काही नशेत नव्हते. खाणीत पाठ मोडलेल्या माणसाला डॉक्टर या गोळ्या लिहून देत, म्हणजे पुन्हा कामावर जाता यावं. आळसाचा मुद्दा इथे कुठे बसवायचा ते त्या गृहस्थांनी सांगावं.

“वस्ती सगळी गोऱ्यांची.”

चूक. खाणी सुरू झाल्या तेव्हा अलाबामा-व्हर्जिनियातून कृष्णवर्णीय आले, हंगेरी, इटली, पोलंडहून बोटी भरून लोक आले. पहिल्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी देशात बांधलेलं पहिलं स्मारक किंबॉलमध्ये आहे, १९२८ चं. पुढे ते जळालं, लोकांनी पुन्हा उभं केलं. त्याच १९२८ मध्ये कीस्टोनच्या मिनी बकिंगहॅम हार्पर राज्याच्या विधानसभेत गेल्या, अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळात बसलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. नवऱ्याच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर नेमणूक झाली होती, पण बसल्या.

“शेजारी मेला तरी पत्ता नसतो.”

हे वाचून मला हसू आलं, कारण आमच्या फेअरफॅक्सच्या गल्लीत ते थोडंफार खरं आहे. समोरच्या घरातल्या माणसाचं आडनाव मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही चुकून आलेल्या पाकिटावरून.

मॅकडॉवेलमध्ये लोक पत्ता सांगतात तो ‘हॉलर’चा. हॉलर म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी घळ, मधून ओढा, ओढ्याशेजारी रस्ता आणि रस्त्याला चिकटून घरं. घळीत नवी गाडी शिरली की वरच्या शेवटच्या घराला कळतं. मी एका घळीत चुकून शिरलो तेव्हा पाच मिनिटांत एक म्हातारबा व्हरांड्यातून उतरून आले, “कुणाकडे आलास?” वस्तीवर विचारतात अगदी तसंच. रस्ता सांगितला आणि टोमॅटोही दिले.

सपाट जागा अशी नाहीच, आणि उतारावरची जमीन कंपन्यांची. त्यामुळे वस्ती पाण्याच्या काठी. वेल्च तर टग फोर्क आणि एल्कहॉर्न या दोन प्रवाहांच्या संगमावर. पूर ठरलेला: २००१ मध्ये आला, पुढच्याच वर्षी २००२ मध्ये आला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत असा आला की माणसं दगावली, रस्ते तुटले, घरं वाहून गेली. अशा वेळी सरकारी पथक रस्त्यात अडकलेलं असतं आणि पहिल्यांदा येतो तो वरच्या अंगाचा शेजारी. आग विझवायला धावतात तेही गावातलेच बिनपगारी लोक. चर्चच्या तळघरात स्वयंपाक सुरू होतो, कुणी फावडं घेऊन दुसऱ्याच्या घरातला चिखल काढतो. आईबाप नशेत, तुरुंगात किंवा शहरात गेलेल्या मुलांना आजी-आजोबा वाढवतात, अशी घरं इथे इतकी आहेत की शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून आजीची सही दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. ‘अमेरिकेत म्हाताऱ्यांना आश्रमात टाकतात’ हे वाक्यही त्या मजकुरात होतं. इथे म्हातारेच घर चालवतात.

एक गोष्ट मात्र खरोखर तुटली. ‘वेल्च न्यूज’ हे गावचं वर्तमानपत्र २०२३ मध्ये बंद पडलं. कोण गेलं, दफन किती वाजता, कुठल्या चर्चमध्ये, हे लोक त्यातून वाचत. म्हाताऱ्या माणसांकडे इंटरनेट नाही, आणि घळीत मोबाइलला रेंज नाही. आता ही बातमी चर्चमध्ये, दुकानात, फोनवर तोंडी फिरते.

एवढं सगळं लिहून काकांना पाठवलं. त्यांनी एकच ओळ परत पाठवली: “मग लोक सोडून जात का नाहीत?”

काका, गेलेच की. ९८,८८७ चे १९,१११ झाले, पाचातले चार गेले. राहिलेल्यांचं घर विकायला काढलं तर घेणारा नाही, आणि विकून जे येईल त्यात शहरातलं तीन महिन्यांचं भाडं भागणार नाही. गेलेलेही पुरते जात नाहीत. इथली खासगी दफनभूमी बहुधा डोंगराच्या सोंडेवर असते, पाण्याच्या वर. मे महिन्याच्या शेवटी ओहायो, नॉर्थ कॅरोलायना, मिशिगनच्या नंबरप्लेटच्या गाड्या त्या घळींत येतात. माणसं गवत कापायचं यंत्र घेऊन चढ चढतात, आजोबांच्या थडग्यावरचं रान काढतात, फुलं ठेवतात आणि खाली उतरून अंगणात जेवायला बसतात. पाणी त्यांनी येताना बाटल्यांतून आणलेलं असतं.