भावावर रुसण्याची शासनमान्य पद्धत

हल्ली सेतू केंद्राच्या रांगेत, पिठाच्या गिरणीवर, एसटीत, कुठंही जा, एक वाक्य कानावर पडतंच: "फसवलं हो आपल्याला!" म्हणणारे कोण? 'लाडकी बहीण' योजनेतून महिन्याला दीड हजार देणारे भाऊ, म्हणजे महायुतीचे नेते, नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत ज्यांच्या स्टेटसवर सकाळ-संध्याकाळ असायचे, तेच. तेव्हा कुणी एखादी शंका काढली तर "गरिबाला चार पैसे मिळाले की तुमच्या पोटात का दुखतं?" असं फाडकन विचारणारे. आता दुखणं त्यांच्या पोटात आलंय आणि ऐकावं आम्हाला लागतंय. तर घ्या, मोहभंग झालेल्या समस्त ताई-दादांसाठी काही सूचना. विनामूल्य आहेत, केवायसीचीही गरज नाही.

आधी मोबाईल साफ करा. भाऊंच्या फोटोची चौकट असलेला डीपी, राखीचे सेल्फी, २३ नोव्हेंबरला गुलालात नाचतानाची रील, सगळं उडवा. गुलाल कपड्यावरून जात नाही, गॅलरीतून जातो.

मग ठणकावून सांगायला लागा, "आम्ही तर नोटा दाबला होता." महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांचे मिळून २३० आमदार आले. ते बहुधा पावसाबरोबर पडले असावेत.

योजनेचा २८ जून २०२४ चा शासन निर्णय चुकूनही वाचू नका. वाचलात तर रुसण्यातली सगळी मजा जाईल. अडीच लाखांवर उत्पन्न नको, घरात कुणी आयकर भरणारा नको, सरकारी नोकरदार किंवा पेन्शनवाला नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार मिळत असतील तर नको. या अटी नंतर कुणी गुपचूप घुसवल्या नाहीत, पहिल्या दिवसापासून तिथंच आहेत. अर्जासोबत हमीपत्र होतं, त्यावर तुमचीच सही आहे. पण तेव्हा अंगणातली बोलेरो "दिराच्या नावावर" होती ना! २०२५ च्या सुरुवातीला आरटीओच्या याद्या घेऊन अंगणवाडी सेविका दारात उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं की दीर अजून अविवाहित, बारावी नापास आणि लायसन्सशिवाय आहे. दोन हजारांहून अधिक सरकारी नोकरदार बायकांनीही हप्ते उचलल्याचं निघालं. त्यांनाही फसवलंच गेलं असणार, बिचाऱ्यांना.

आता केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. १८ सप्टेंबर २०२५ ला आदेश निघाला, मुदत दोन महिने, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत लांबली. कृती सोपी होती. साइट रात्री अकरानंतर उघडा, दिवसा नुसतं चाक फिरतं. आधार क्रमांक टाका, कॅप्चा भरा, संमती द्या, "ओटीपी पाठवा" दाबा. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. आधार काढताना घरात एकच मोबाईल होता, तो भाच्याचा. भाचा आता चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये मोबाईल लॉकरला. तो चहाच्या सुट्टीत फोन उचलेपर्यंत ओटीपी बाद. परत पाठवा. दोन-चारदा असं झालं की साइटच सांगते, नंतर प्रयत्न करा. नंबर बदलायचा तर आधार केंद्रात जा, तिथं टोकन घ्या आणि बदल नोंदला जाईपर्यंत थांबा. हे जमलं की नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांचाही ओटीपी. नवरा वारलेला, वडीलही गेलेले? सप्टेंबरात साइटकडे याचं उत्तर नव्हतं. नोव्हेंबरात मुदतवाढीच्या वेळी सुचलं की अशा बायांनी मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता या योजनेच्या पहिल्या पानावर छापलेल्या आहेत हो! फॉर्म बनवताना मात्र एकाही साहेबाला त्या आठवल्या नाहीत.

एवढ्यातून पार पडलात की तो प्रश्न येतो. त्याचा मथितार्थ असा: तुमच्या घरात कुणी कायम सरकारी नोकरीत नाही ना, कुणी निवृत्तिवेतन घेत नाही ना? खाली दोन पर्याय, होय आणि नाही. आता द्या उत्तर. "जेवली नाहीस ना अजून?" असं सासूनं विचारलं तर सून "नाही" म्हणते. बायांनी तसंच "नाही" दाबलं. संगणकानं लावलेला अर्थ: नोकरीत नाही हे खरं नाही, म्हणजे नोकरीत आहे. ज्या घरात रोजगार हमीच्या कामाचे पैसे अडकलेत, तिथं एका बटणासरशी सरकारी नोकरी लागली आणि हप्ता बंद पडला. पुढं सरकारलाच प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश काढावा लागला, म्हणजे पुन्हा सेविका, पुन्हा तेच दार.

आणि हीच योजना देताना कशी दिली होती ते जरा आठवा. पाच एकरांची अट? काढली. वय साठपर्यंत? पासष्ट केलं. अधिवासाचा दाखला नाही? पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड चालेल. पिवळं-केशरी कार्ड आहे? मग उत्पन्नाचा दाखलाही नको. मुदत १५ जुलै, मग ३१ ऑगस्ट, मग आणखी पुढं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे तर दिवाळीआधीच एकदम. मतदान २० नोव्हेंबरला, आणि तोवर पाच हप्त्यांचे साडेसात हजार खात्यात. तेव्हा छाननी का नाही झाली? दोन कोटींवर अर्ज काही आठवड्यांत मंजूर होत होते, ते कुणी तपासले? कुणीच नाही! तपासायचेच नव्हते. मोजणी झाली, शपथविधी झाला, आणि मग संगणकाला आठवलं की २६ लाखांवर नावं संशयास्पद आहेत. जून २०२५ पासून त्यांचे पैसे थांबवले. देताना कागद नको आणि काढताना मेलेल्या बापाचा ओटीपी!

असो. आवाज चढला. सूचनांकडे वळू.

दीड हजाराचे कबूल केलेले एकवीसशे कधी मिळणार, असं विचारू नका. जाहीरनामा पाच वर्षांचा असतो.

नमो शेतकरी आणि पीएम किसानचे मिळून वर्षाला बारा हजार घेणाऱ्या ताईंनी पाचशेवर खूश राहावं. हजार अधिक पाचशे, दीड हजार. गणित बरोबर आहे, फक्त सभेत मांडलं नव्हतं.

दादांसाठी वेगळी सूचना. सोयाबीनचा हिशेब ताईंच्या हिशेबाशेजारी मांडू नका, घरात भांडण होईल. प्रचारात भाव ऐकला सहा हजार. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२, खुल्या बाजारात चार हजारांच्या आसपास. हमीभाव हवा तर ऑनलाइन नोंदणी, सातबाऱ्यावर पिकाची नोंद, मग मेसेजची वाट. मेसेज आला की ट्रॉली भरून केंद्रावर. तिथं आधी चाळणी, मग ओलावा मोजायचं यंत्र. मर्यादा १२ टक्के. मतदान तोंडावर आलं तेव्हा ती १५ वर नेली. परतीच्या पावसात काढलेला माल सुकवायला अंगण नाही, ताडपत्री नाही, आणि मजूर-मळणीवाला पैशासाठी दारात. सुकवून नेलं तर बारदाना संपलेला. शेवटी ट्रॉली वळते व्यापाऱ्याकडे. आता दोन एकरांतले दहा क्विंटल धरा. सहा हजार आणि चार हजार यांतला फरक वीस हजार. ताईला वर्षभरात मिळाले अठरा हजार. म्हणजे बहिणीच्या खात्यात टाकलं त्याहून जास्त दाजींच्या ट्रॉलीतून गेलं, आणि आपण ओवाळणी म्हणून टाळ्या वाजवल्या.

सातबारा कोरा होण्याची वाट बघत ज्यांनी हप्ता भरला नाही, त्यांना मार्च २०२५ मध्ये सांगण्यात आलं की ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. त्यांच्यासाठी सूचना नाही. त्यांचं खातं थकीत झालं, नवं कर्ज मिळेना, आणि सावकाराला मोहभंग वगैरे कळत नाही.

नवा भाऊ शोधायचा विचार असेल तर घाई करा. समोरच्या महाविकास आघाडीवाल्यांनी त्याच निवडणुकीत तीन हजार देतो म्हणून सांगितलं होतं. पैसे कुठून आणणार, हे त्यांनाही तुम्ही विचारलं नव्हतंत.

पुरे आता. तुम्हाला कुणी फसवलं नाही. तुम्हाला भाव सांगितला गेला आणि तो तुम्हाला परवडला. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा पैसा या योजनेकडे वळवल्याची तक्रार खुद्द मंत्र्यानं जाहीरपणे केली, तेव्हा वसतिगृहातल्या पोरांच्या ताटातलं जातंय हे दिसत होतं. तुमचा हप्ता चालू होता, म्हणून तुम्ही गप्प बसलात. स्वतःचा बंद पडला तेव्हा लोकशाही धोक्यात आली! फसली ती ओटीपीला नवरा नसलेली बाई, चुकीचं बटण दाबून सरकारी नोकर ठरलेली मजूर बाई. तिचा कागद घेऊन महिला व बालविकास कार्यालयात जा, नाव का कापलं ते लेखी मागा, पोच घ्या. बोलेरोवाल्यांनी तिच्या मागं उभं राहून "आपल्याला फसवलं" म्हणू नये.

आणि अंगणवाडी सेविकेवर डाफरणं बंद करा. अर्जामागं ५० रुपये कबूल करून तुमचे फॉर्म तिच्याकडून भरून घेतले, आणि ते पन्नास मिळवायलाही कित्येकींना मागणी करत बसावं लागलं. यादी तिनं बनवलेली नाही. ज्यांनी बनवली ते पुढच्या प्रचाराला गाडीतून हात हलवत तुमच्याच गल्लीत येतील. तोंड तिथं उघडा.