‘कॉमर्सला गणित कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

दहावीचा निकाल लागला की गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: कॉमर्स किंवा अर्थशास्त्र घेणाऱ्याने गणिताच्या नादी लागू नये. आकडेमोड एक्सेल करतं, धंदा अनुभवावर चालतो, थोर अर्थशास्त्रज्ञ मार्शल यांनीच ‘गणित जाळून टाका’ म्हटलंय. आणि गणित मुळात डोक्यातच असावं लागतं.

आधी एक्सेल, कारण हा मुद्दा सगळ्यांना पटतो. समजा, स्कूटरसाठी एक लाखाचं कर्ज तीन वर्षांसाठी हवंय. एकजण 10 टक्के फ्लॅट दराने देतो, दुसरा 12 टक्के रिड्यूसिंग बॅलन्सवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच. दहा कमी म्हणून आपण पहिल्याकडे जातो. तिथे हप्ता पडतो 3,611 रुपये आणि एकूण व्याज 30,000. दुसरीकडे हप्ता 3,321 आणि व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. फ्लॅटवाला तुम्ही फेडून टाकलेल्या मुद्दलावरही शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज लावत राहतो, म्हणून त्याचा खरा दर जवळपास 18 टक्के निघतो. एक्सेल हे सगळं क्षणात काढून देईल, पण विचारलं तर. दर कशावर लागतो हा प्रश्न ज्याला सुचत नाही, त्याला एक्सेल दहाचा गुणाकारही तितक्याच आज्ञाधारकपणे करून देतं.

आता अनुभव. कळंगुटला पावसाळ्यात गेस्टहाऊस चालवणाऱ्याला गिऱ्हाईक कळतं, यात वाद नाही. पण हिशेब बघा. 2,000 रुपये भाडं ठेवलं की 14 खोल्या जातात, 1,600 केलं की 18. गल्ला 28,000 वरून 28,800 झाला, मालक खूश. आता खोलीमागे धुलाई, साफसफाई, वीज मिळून 300 रुपये धरा. वाढलेल्या चार खोल्यांनी 800 आणले आणि 1,200 खाल्ले. म्हणजे दिवसाला 400 रुपयांचा तोटा, तोही जास्त राबून! पुस्तकात या वाढीव कमाईला सीमांत प्राप्ती आणि वाढीव खर्चाला सीमांत खर्च म्हणतात, आणि भाडं थोडं थोडं बदलत नेऊन नेमकं कुठे थांबायचं हे काढायला डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर काढायचं गणित, लागतं. (वर्गात मात्र डेरिव्हेटिव्ह आधी येतं आणि खर्च कधीच येत नाही. मुलं पळतात ती बहुतेक यामुळेच.) अनुभवी माणूस हे अंदाजाने जमवतो, हे खरं. पण बारावी पास मुलाकडे अजून तो अनुभव नसतो, त्याने काय करायचं?

मार्शल यांचं वाक्य निम्मंच फिरवलं जातं. 1906 मध्ये संख्याशास्त्रज्ञ बाउली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी क्रम सांगितला होता: गणित लघुलिपीसारखं वापरा, काम संपेपर्यंत सोडू नका, मग ते साध्या भाषेत मांडा, प्रत्यक्ष जगण्यातली उदाहरणं द्या, आणि त्यानंतर गणित जाळा. जाळायला आधी ते मांडलेलं असावं लागतं. हे सांगणारे मार्शल 1865 मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरे आले होते. अर्थशास्त्रज्ञ केन्सही गणिताचेच पदवीधर. आणि लांब कशाला जायचं? 1907 मध्ये गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. जुनी आहत (ठसे मारून बनवलेली) नाणी त्यांनी वजन करून तपासली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, सरासरी वजन घटतं आणि वजनांमधली तफावत वाढते. एवढ्या संख्याशास्त्रावर त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावला आणि त्यातून प्राचीन व्यापाराचा इतिहास वाचला.

‘डोक्यातच असावं लागतं’ याला उत्तर देण्यात अर्थ नाही. म्हापशाच्या बाजारात काजू विकणारी बाई टक्केवारी तोंडी करते, तिला कोणी बुद्धिचाचणी विचारलेली नसते.

एक गोष्ट मान्य. शाळेतल्या गणितातलं बरंच, भूमितीच्या सिद्धता किंवा त्रिकोणमिती, या मुलांच्या फारसं कामी येत नाही. ते जरूर बाजूला ठेवा. चक्रवाढ, आलेख, लॉगरिदम, डेरिव्हेटिव्ह, संभाव्यता आणि थोडं मॅट्रिक्स एवढं मात्र ठेवा. अकरावीला गणित सुटलंच असेल, तर पदवीचे वर्ग सुरू होण्याआधी चक्रवाढ आणि आलेख हाताने करून घ्या, एक्सेल मागाहून उघडा.