ट्रॅक्टरची नोट आणि लाखांचे आमिष

‘पाच रुपयांच्या नोटेवर ट्रॅक्टर असेल किंवा क्रमांकात 786 असेल, तर ती नोट घरबसल्या लाखो रुपयांना विकता येते, या व्यवहाराला रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे, नोट जितकी जुनी तितकी किंमत जास्त, आणि दोन हजारांच्या नोटा तर आत्ताच साठवून ठेवा,’ अशा आशयाचा मजकूर गेली काही वर्षे सोलापुरात घरोघरच्या मोबाइलवर फिरत आहे. पूर्व भागात विड्या वळून संसार चालवणाऱ्या, माझ्या ओळखीच्या एका मावशींनी त्यावर विश्वास ठेवून फोनवरच्या अनोळखी ‘खरेदीदारा’ला नोंदणी शुल्क म्हणून पैसे पाठवले. त्यानंतर तो फोन बंद झाला. मी स्वतः नोटा जमवतो, म्हणून या मजकुरातील प्रत्येक दाव्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत घातक दावा रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेचा आहे. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपला कोणताही संबंध नाही, अशा व्यवहारासाठी आपण शुल्क, कमिशन किंवा कर घेत नाही आणि तसा अधिकार कोणालाही दिलेला नाही, हे या बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर निवेदनाद्वारे स्पष्ट केले आहे. खरा संग्राहक नोट हातात घेऊन, उजेडात धरून पाहतो आणि मग पैसे देतो. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा माणूस खरेदीदार नसतो.

ट्रॅक्टरचे चित्र ही दुर्मिळतेची खूण नाही. अशोकस्तंभाच्या जुन्या पाच रुपयांच्या नोटेवर ट्रॅक्टर होता आणि नंतरच्या गांधी मालिकेतील नोटेवरही तो कायम राहिला. अनेक गव्हर्नरांच्या सह्यांनी छापली गेलेली ही नोट आजही वैध चलन आहे आणि वापरलेल्या स्थितीत तिची किंमत बहुतेक वेळा पाच रुपयेच असते. संग्राहक चित्राऐवजी तीन गोष्टी वाचतो: सही कोणाची, क्रमांकामागे फिकट छापलेले अक्षर कोणते आणि 2005 पासून मागच्या बाजूला छापले जाणारे वर्ष कोणते. या तिन्हींच्या एखाद्या विशिष्ट जुळणीच्या नोटा कमी छापल्या गेल्या असतील, तरच ती नोट शोधण्याजोगी ठरते.

क्रमांकातील 786 या आकड्यामागे अनेकांची श्रद्धा आहे आणि तिचा मी आदर करतो. त्या श्रद्धेपोटी कोणी थोडे जास्त पैसे देत असेल, तर त्यात गैर काही नाही. मात्र हिशेब मांडून पाहावा. सहा आकडी क्रमांकांच्या एका मालिकेत सुमारे दहा लाख नोटा असतात. त्यांपैकी 1000 नोटांच्या शेवटी 786 येते, आणि हा आकडा कुठेही आलेला चालत असेल तर अशा 3999 नोटा निघतात. क्रमांकापुढची अक्षरे बदलली की तेवढ्याच नोटा पुन्हा. ज्याला खरोखर विरळ म्हणता येईल असा 786786 हा क्रमांक मात्र मालिकेत एकदाच येतो.

क्रमांकातच काही शोधायचे असेल, तर अक्षरे आणि आकडे यांच्यामधला तारा शोधावा. सदोष निघालेल्या नोटेच्या जागी भरती म्हणून ताऱ्याची नोट घालण्याची पद्धत 2006 मध्ये 10, 20 आणि 50 रुपयांच्या नोटांपासून सुरू झाली, आणि 2016 च्या अखेरीस नव्या 500 च्या नोटेवरही तारा आला. या नोटा संख्येने कमी असतात. तरीही प्रत्येक तारा मौल्यवान नसतो. वर्ष आणि अक्षर येथेही पाहावेच लागते.

‘जुनी म्हणजे मौल्यवान’ हे विधानही अपुरे आहे. बी. एन. आडारकर 1970 मध्ये अवघे 42 दिवस गव्हर्नर होते. त्यांच्या सहीच्या नोटा संग्राहक शोधतात, कारण त्या थोड्या काळाच्या खुणा आहेत. याउलट दीर्घकाळ छापल्या गेलेल्या नोटा वयाने कितीही मोठ्या असल्या, तरी विपुल आहेत. त्यातच स्थितीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते किंमत ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. पूर्वी बँका नोटांच्या बंडलांना पिना मारत, म्हणून त्या काळच्या कोऱ्या नोटेलाही भोके असू शकतात आणि ती समजून घेता येतात. पण घडी, तेलाचा डाग, चिकटपट्टी किंवा पेनाने लिहिलेला हिशेब यांनी मूल्य झपाट्याने उतरते. नोट धुऊन इस्त्री करणे हा उपाय नव्हे, नुकसान आहे. लॅमिनेशनही तसेच.

दोन हजारांच्या नोटांविषयी थोडक्यात. 19 मे 2023 रोजी त्या मागे घेण्याची घोषणा झाली तेव्हा 3.56 लाख कोटी रुपयांच्या, म्हणजे 178 कोटी नोटा चलनात होत्या. त्यांपैकी 98 टक्क्यांहून अधिक परत आल्या, तरी उरलेल्यांची संख्या कोटींतच आहे. संग्रहासाठी एक कोरी नोट ठेवणे योग्य. बंडल ठेवणे म्हणजे पैसे अडकवणे. बंद झालेल्या जुन्या 500 आणि 1000 च्या नोटांबाबत तर 2017 चा कायदाच आहे: एरवी एकूण 10 आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी 25 यांहून अधिक नोटा बाळगणे दंडास पात्र ठरते.

त्या मावशींनी नंतर आपला पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. ट्रॅक्टरच्या नोटा सगळ्या मळलेल्या आणि नेहमीच्याच होत्या. तळाशी एक रुपयाची एक नोट निघाली, तिच्यावर अर्थसचिव म्हणून मनमोहन सिंग यांची सही होती. हेच पुढे गव्हर्नर झाले आणि इतर नोटांवरही त्यांची सही आली, हे मी मावशींना सांगितले. घडीवर विरलेल्या त्या नोटेला बाजारात फारशी किंमत येणार नाही, हेही सांगितले. मी ती पॉलिस्टरच्या पाकिटात सरकवून त्यांच्या हाती परत दिली, आणि त्यांनी ती डब्यात सगळ्यांत वर ठेवली.